पहिल्या लोखंडाचा मान

मित्रांनो, उन्हाळ्याच्या दिवसांत स्कूटीच्या पायाशी निळा डबा ठेवून एखादी बाई गावात शिरली की पोरं ओरडतात, "कुल्फी आली रं!" माझ्या बाबतीत हे नेहमी होतं. पोरं धावत येतात, ती बाई म्हणजे सिस्टर आहे हे त्यांना दिसतं आणि मग आली त्याच्या दुप्पट वेगानं ती उसात पसार होतात. कारण माझ्या पोटात कुल्फी नसते. मी लशीचा डबा आहे. आता जुना झालोय. एका कोपऱ्याला तडा गेलाय, रंग उन्हानं फिका पडलाय आणि खांद्याचा मूळचा पट्टा तुटून तिथं पिवळट कापडाची पट्टी आलीय. त्या पट्टीची गोष्ट शेवटी सांगेन. पण गारवा मात्र अजून असा धरतो की विचारू नका. आपलं कौतुक आपणच करू नये म्हणतात. मी करणार आहे. ऐका तर खरं.

माझा जन्म प्लॅस्टिकच्या कारखान्यात झाला. मला दोन भिंती आहेत, एक बाहेरची आणि एक आतली. त्या दोन्हींच्या मध्ये गरम फेस ओतला, तो फुगला आणि घट्ट बसला. त्या फेसामुळेच बाहेरचं ऊन आत शिरत नाही आणि आतला गारवा बाहेर पळत नाही. एका ट्रकभर भावंडांबरोबर मी इंदापूर तालुक्यात आलो आणि नरसिंहपूरच्या बाजूला, नीरा नदी भीमेला मिळते त्या टापूत, आरोग्य केंद्राच्या फळीवर जाऊन बसलो.

तिथं मला मोनाली सिस्टर मिळाल्या. मित्रांनो, डब्याचं नशीब हातावर असतं, म्हणजे तो ज्याच्या हातात पडतो त्याच्या हातावर. मोनाली सिस्टर सकाळी फ्रीजमधून बर्फाच्या विटा, म्हणजे पाणी भरून गोठवलेल्या प्लॅस्टिकच्या चपट्या डब्या, काढायच्या, पण लगेच माझ्या पोटात ठेवायच्या नाहीत. आधी ओट्यावर मांडून त्यांना थोडा घाम फुटू द्यायच्या. मग एकेक वीट कानाशी नेऊन हलवायच्या. आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला की मगच ती वीट आत. कडक बर्फ लागला तर लस गोठून मरते, हे त्यांना ठाऊक होतं. नव्या मुली घाई करायच्या, तेव्हा सिस्टर म्हणायच्या, "लेकराला थंड पाण्यानं आंघोळ घालतीस का एकदम? मग लशीला कशाला?"

आम्ही दोघं कुठं कुठं फिरलो! हंगामात ऊसतोड मजुरांच्या कोप्या, म्हणजे उसाच्या वाळल्या पाचटाच्या झोपड्या, पडायच्या, तिथल्या लेकरांना गोवराची लस आणि पोलिओचे थेंब द्यायला जायचो. बाया कोयता खाली ठेवून लेकरू घेऊन यायच्या. सुरुवातीला यायच्या नाहीत, पाचटाच्या आड लपायच्या. सिस्टर कोपीपुढं बसून त्यांच्या चुलीवरचा चहा घ्यायच्या, कुणाचं बाळ कसं झोपतं ते विचारायच्या. पुढच्या खेपेला त्याच बाया वाट बघत उभ्या असायच्या. ही किमया माझ्या गारव्याची नव्हती, हे मी मोठ्या मनानं कबूल करतो.

बाकीच्या दिवशी मात्र माझी किंमत शून्य. केंद्रातल्या मदतनीस शकुबाई माझ्यावर बसून मेथी निवडायच्या. एकदा कुणी तरी माझ्यात चिंचा भरून ठेवल्या. वाईट वाटायचं, पण बोलणार कुणाला?

मग करोना आला. अचानक मी गावातला सगळ्यात महत्त्वाचा माणूस झालो. माणूस नव्हे, डबा. पण लोक माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होते ना, तसं सरपंचाकडंसुद्धा बघत नाहीत.

आता खरी गोष्ट.

आमच्या भागातल्या एका साखर कारखान्यात गेणबा नावाचा फिटर होता. दुसऱ्या लाटेत त्याची बायको द्वारकाबाई ऑक्सिजनवर होती. गेणबा नरसिंहाचा भक्त. देवळाच्या पायरीवर डोकं टेकून त्यानं नवस केला, "द्वारका घरी आली तर पुढच्या जयंतीपर्यंत अंगाला लोखंड लागू देणार न्हाय." असा नवस का? तर त्या देवानं हिरण्यकश्यपूला मारलं ते नुसत्या नखांनी, हातात शस्त्र न घेता. म्हणून त्याच्या भक्तानंही वस्तरा, कात्री, सुई, अंगाला कापेल किंवा टोचेल असं काही लावायचं नाही. द्वारकाबाई घरी आल्या. गेणबानं दाढी सोडली, केस सोडले. नखं वाढायची, ती तो विहिरीच्या दगडावर घासून झिजवायचा. दिवसभर हातात पाना आणि हातोडा, पण अंगाला ओरखडा नाही. सोबतचे चिडवायचे, "गेणबातात्या, लोखंडात ऱ्हातो अन् लोखंडाला शिवत न्हाय, कमळाचं पान हायेस गड्या तू."

तिकडं दसरा जवळ आला. दसऱ्याच्या सुमारास कारखान्याच्या गव्हाणीत उसाची पहिली मोळी पडते आणि हंगाम सुरू होतो. कामगार अधिकारी हिंदुराव यांनी नियम काढला : लस घेतल्याशिवाय गेटच्या आत पाऊल नाही. हिंदुराव कडक होते, पण उगाच नव्हे. त्यांचा थोरला भाऊ याच रोगानं गेला होता.

कारखान्याच्या गेटजवळ मांडव पडला. टेबलावर मी, शेजारी मोनाली सिस्टर. रांग लांबलचक. गेणबा आला, द्वारकाबाईंना आणि म्हाताऱ्या आईला घेऊन. दोघींना लस देववली, आईचा दंड स्वतः धरून बसला. मग स्वतः बाजूला सरकला.

"तुजं काय?" हिंदुरावांनी विचारलं.

गेणबानं नवस सांगितला. हिंदुराव म्हणाले की मग हंगामभर घरी बस, पुढच्या वर्षी जागा राहील की नाही ते बघू. फिटरकी हीच त्याची ओळख होती. पण तो मागं हटेना. सिस्टरांनी हळूच समजावून पाहिलं की सुई स्टीलची असते.

"शिस्टर, स्टील म्हंजे लोखंडाचंच पोर की," गेणबा म्हणाला.

आता द्वारकाबाई तडकल्या. "माज्यासाठी नवस केला, अन् मला इचारलं बी न्हाय. आता नोकरी गेली तर देवळात पाना फिरवणार का?"

रांगेत हशा पिकला. कुणी तरी मागून म्हणालं, धरा दोघांनी आणि टोचून टाका. नवस आपोआप मोडंल, आणि पाप लागंल ते सिस्टरला. ते थट्टेत म्हटलं होतं, पण दोघे खरोखरच पुढं आले आणि त्यांनी गेणबाचे दंड धरले. हिंदुराव बघत राहिले. त्यांनी अडवलं नाही. मोनाली सिस्टरांच्या हातात भरलेली सुई होती आणि गेणबाची बाही वर गेलेली होती.

मित्रांनो, माझं पोट गार होतं, तरी त्या क्षणी मला घाम फुटला असं म्हणा.

सिस्टरांनी हातातली सुई शांतपणे रांगेतल्या पुढच्या माणसाला टोचली. मग उघडी कुपी माझ्यात ठेवली आणि झाकण लावलं. खट्. त्या एवढ्याशा आवाजानं सगळा मांडव वळून बघायला लागला.

"ह्यांचे हात सुटल्याबिगर झाकण उघडणार न्हाय," त्या म्हणाल्या. "कुपी उघडलेली हाय. तिला काही तासांचंच आयुष्य आसतंय. वाया गेली तर ती तुमी घालवली."

हात सुटले.

हिंदुराव लालबुंद झाले. नियम सगळ्यांना सारखा, असं म्हणाले. सिस्टर म्हणाल्या, "नियम तुमचा, सायेब. तो कुणाला लावायचा ते तुमी ठरवा. पण आज ह्या माणसाला धरून टोचलं, तर उद्या कोपीवरच्या बाया मला बघून पुन्हा पाचटात लपत्याल. मंग गोवराची लस कुणाला देऊ मी?"

मी टेबलावर छाती काढून बसलो होतो. ते माझंच झाकण होतं ना!

मग सिस्टरांनी हिंदुरावांना नेमकी कशाची भीती वाटते ते विचारलं. मिलमध्ये, म्हणजे ऊस गाळतात तिथं, माणसं खांद्याला खांदा लावून काम करतात, हा एकटा सगळ्यांना आजारी पाडेल, ही त्यांची भीती होती. आणि ती खरी होती. म्हणून तिथंच उभ्या उभ्या तोडगा निघाला. गेणबानं मिलमध्ये यायचं नाही. उसाच्या गाड्या जिथं उभ्या राहतात त्या गेटबाहेरच्या उघड्या यार्डात काम करायचं, तोंडाला मास्क, डबा एकट्यानं खायचा आणि दर आठवड्याला नाकातून कापसाची काडी फिरवून तपासणी.

गेणबानं विचार केला. "कापसाला देवाची ना न्हाय," तो म्हणाला. मग हात जोडून सिस्टरांना म्हणाला, "जयंतीला संगमावर या. अंगाला लागंल ते पहिलं लोखंड तुमचं."

हिंदुराव हसले. जयंती वैशाखात, हंगाम त्याच्या आधीच संपणार. "तवा गेट बी बंद आसंल अन् नियम बी. ह्यो कशाला येतोय?"

त्या संध्याकाळी सिस्टरांच्या घरी मी ओसरीवर होतो. त्यांच्या घरात भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर आहे. त्यांचे वडील बुद्धघोष निवृत्त शिक्षक. त्यांनी लेकीला चिमटा काढला, की आमच्या घरात नवसाला कोण कधीपासून मानायला लागलं? सिस्टर भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "नवसाला न्हाय मानत, आबा. दिलेल्या शब्दाला मानते." भाकरी वाढल्यावर लोण्याचा गोळा आपल्या ताटातून आबांनी लेकीच्या ताटात सरकवला.

पण गंमत पुढंच आहे. गेणबाला सूट मिळाली ही बातमी पसरली आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यात भक्तीचा महापूर आला! आदल्या दिवसापर्यंत देवळाचं तोंड न पाहिलेले गडी सांगायला लागले, आमचा बी तसाच नवस हाय, अंगाला लोखंड चालत न्हाय. सगळ्यांत पुढं रणजित, वर्कशॉपमधला तरुण वेल्डर. हिंदुरावांनी सिस्टरांकडं असं पाहिलं, जणू म्हणत होते, बघा, दार किलकिलं केलं आणि गोठा आत आला.

मग ते खुर्चीतून उठले, रांगेसमोरून सावकाश चालत गेले आणि रणजितपुढं थांबले. रणजितचे गाल असे गुळगुळीत की माशी बसली तर घसरेल. दाढीनंतर लावायच्या पाण्याचा वास माझ्यापर्यंत येत होता.

"देवाचं देव बघंल," हिंदुराव म्हणाले, "मी गाल बघतो. वस्तरा चालतो, अन् सुई चालत न्हाय व्हय?"

मांडव हसून हसून लोळायचा बाकी राहिला. भक्तीचा पूर होता तसा ओसरला. एकेक जण हळूच रांगेत जाऊन उभा राहिला. रणजित मात्र मान खाली घालून तिथंच. सिस्टरांनी त्याला बाजूला घेतलं. लहानपणी तो सुई बघून चक्कर येऊन पडला होता, असं त्यानं पुटपुटत सांगितलं.

"भ्या वाटतंय आसं सांगायचं की," सिस्टर म्हणाल्या. "भ्याला माज्याकडं विलाज हाय. खोट्या नवसाला न्हाय."

आणि त्याचा हात धरायला कोण बसलं असेल? गेणबा. तो यार्डातून मुद्दाम आला, मास्क लावून, रणजितचा हात आपल्या खरबरीत हातात धरून म्हणाला, "तिकडं बघ, चिमणीकडं. धूर कवा निघंल ते बघ." धूर निघायला अजून अवकाश होता. सुई केव्हाच टोचून झाली.

हंगाम सुरू झाला. गेणबा यार्डात. तिथं धूळ, ऊन, बैलगाड्या, ट्रॅक्टरांचा गोंगाट. मिलमधला मान गेला. चहा प्यायला कोणी जवळ बसेना. जुने सोबती लांबूनच हात करायचे. दाढी छातीवर आली तशी गाडीवाल्यांची पोरं त्याला "नरसिंह" म्हणायला लागली. दर आठवड्याला तो नाक वर करून सिस्टरांपुढं बसायचा, चुकला नाही. मी शेजारी असायचो. माझ्याकडं बघून म्हणायचा, "थांब गड्या. तुजी बी पाळी येणार हाय."

यार्डातल्या बऱ्याच गाडीवाल्यांनी लस घेतली नव्हती. ते नेमके गेणबाकडं बोट दाखवायचे. हा कारखान्याचा माणूस असून घेत नाही, मग आम्ही कशाला घेऊ? हिंदुरावांना हीच काळजी होती, आणि ते सिस्टरांना तसं ऐकवायचेही. सिस्टरांच्या मनात काय चाललं असेल ते मला कळायचं, कारण दुसऱ्या सकाळी त्या बर्फाची वीट कानाशी जरा जास्तच वेळ धरायच्या.

हंगाम संपला. चिमणी थंड झाली. नरसिंह जयंती आली.

वैशाखातलं ऊन तुम्हाला माहीत आहे. यात्रेत आरोग्य केंद्रानं लसीकरणाचं टेबल लावलं होतं, पण तेव्हा रोग मागं पडला होता आणि टेबलाकडं कुणी फिरकत नव्हतं. दुपारी बाकीच्या सिस्टर आवरून गेल्या. मोनाली सिस्टर मला घेऊन संगमाच्या घाटावर, पिंपळाच्या सावलीत येऊन बसल्या. पायऱ्या तव्यासारख्या तापल्या होत्या. मी श्वास धरून होतो. माझ्या आयुष्याची परीक्षा होती ती. आत बर्फाच्या विटा, विटांमध्ये न उघडलेली कुपी, आणि माझं एकच काम, गारवा धरायचा.

हिंदुराव दर्शनाला आले होते. सिस्टरांना बघून थांबले. "आला न्हाय न्हवं? आन् आला तरी एकट्यासाठी आख्खी कुपी उघडणार व्हय?" एका कुपीत दहा जणांची लस असते. एकट्यासाठी उघडली तर बाकीची वाया.

तिन्हीसांज झाली. नरसिंहाचा जन्म याच वेळेचा, ना दिवस ना रात्र. देवळात गुलाल उधळला, घंटा वाजल्या. नवस फिटला. घाटावर मोहनराव न्हावी वस्तरा पाजळून बसलेच होते, वर्षभराची दाढी उतरवायला. आणि पायऱ्यांवरून गेणबा खाली उतरला. दाढीत गुलाल, कमरेला पिवळं उपरणं.

तो एकटा नव्हता. त्याच्या मागं यार्डातले गाडीवाले होते. नऊ जणांची ओळ, त्यात काहींच्या बायकाही. हंगामभर जे त्याच्याकडं बोट दाखवत होते, त्यांना तो एकच उत्तर देत आला होता : मी जयंतीला घेणार हाय. मी घेतली तर तुमी बी घ्यायची.

मोहनरावांनी वस्तरा उचलला. गेणबा त्यांच्या पुढून सरळ पिंपळाखाली आला, तापलेल्या पायरीवर बसला आणि बाही वर केली. आता गेट बंद होतं. नियम नव्हता. विचारायला कुणी नव्हतं.

"शिस्टर," तो म्हणाला, "पहिलं लोखंड."

मोहनराव मागून कुरकुरले, "माज्या वस्तऱ्याचा मान एका सुईनं घेतला." द्वारकाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या, आणि डोळेही त्याच पदरानं पुसत होत्या.

सिस्टर मला उचलणार, तेवढ्यात हिंदुराव पुढं झाले. "थांबा. झाकण मी उघडतो," म्हणाले. त्यांनी मला घाईनं उचललं आणि माझा उन्हानं जीर्ण झालेला पट्टा तुटला. मी पडणार, तोच गेणबानं मला दोन्ही हातांनी झेललं. हिंदुरावांनी झाकण उघडलं. आतून गार वाफ अशी अलगद वर आली की पुढं उभी असलेली लेकरं "आऽऽ" करून जवळ सरकली. विटा अजून थंड होत्या. कुपी जशी ठेवली होती तशी. मित्रांनो, त्या दिवशी मला कुणी सोन्याचा डबा म्हटलं असतं तरी मी मान वर केली नसती. मला स्वतःलाच ते माहीत होतं.

सुई टोचली. गेणबानं डोळे मिटले नाहीत, देवळाच्या शिखराकडं बघत होता. मग एकेक गाडीवाला बसत गेला आणि कुपीतला शेवटचा थेंबसुद्धा कामी आला. निघताना गेणबानं उपरण्याची एक लांब पट्टी फाडली, पीळ दिला आणि माझ्या दोन्ही कड्यांना फिटरच्या गाठीनं बांधली. ती गाठ अजून सुटलेली नाही.

आता नवे डबे आलेत, चकचकीत. मी फळीवर मागं असतो, कधी कधीच बाहेर पडतो. मध्ये कार्यालयातून माझ्यासाठी नवा पट्टा आला होता. मोनाली सिस्टरांनी तो दुसऱ्या डब्याला लावला.

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडं माझी एवढीच विनंती आहे. आरोग्य केंद्रात गेलात आणि निळा डबा दिसला, तर त्याच्यावर बसू नका, त्यात चिंचा भरू नका, झाकण उघडं टाकू नका. सुईला भीत असाल तर भितो म्हणून सांगा, कुणी तरी हात धरायला येईल. आणि एखाद्या डब्याला पिवळट कापडाची पट्टी बांधलेली दिसली, तर ती जुनी झाली म्हणून सोडू नका. त्या गाठीत एका माणसाचा शब्द आहे, आणि तो मी खांद्यावर वाहतो.